टायटॅनिकवर जास्त कोण वाचलं? पिव्होट चार्टमधून तुलना करताना

१५ एप्रिल १९१२ च्या पहाटे टायटॅनिक बुडाली. त्यानंतर ब्रिटनमध्ये सरकारी चौकशी झाली. जहाजावर २२०१ माणसं होती आणि त्यातली ७११ वाचली, असा हिशेब तिच्यात मांडला गेला. त्या हिशेबावरून तयार केलेली २२०१ ओळींची एक यादी संख्याशास्त्र शिकवणारे आजही वापरतात आणि ती इंटरनेटवर फुकट मिळते. प्रत्येक ओळ म्हणजे एक माणूस. माणसाचं नाव नाही, फक्त चार गोष्टी: वर्ग कुठला (पहिला, दुसरा, तिसरा की जहाजाचे कर्मचारी), स्त्री की पुरुष, मोठं माणूस की मूल, आणि वाचलं की नाही.

एक्सेलमधला पिव्होट चार्ट शिकायला यापेक्षा चांगली यादी मला तरी माहीत नाही. बहुतेक ठिकाणी कुठल्या तरी काल्पनिक कंपनीची विक्री घेऊन शिकवतात. चार्ट तयार होतो, रंगीत दिसतो, पण तो काय सांगतोय याच्याशी कुणाला काही देणंघेणं नसतं. टायटॅनिकच्या यादीत मात्र चार्टने चुकीचं सांगितलं की आपल्याला लगेच खटकतं.

आता कामाचं. २२०१ ओळी डोळ्यांनी वाचून काही कळत नाही. पिव्होट टेबल त्या ओळींचे गट पाडतं आणि प्रत्येक गटासाठी बेरीज, मोजणी किंवा सरासरी काढून देतं. पिव्होट चार्ट हे त्याच टेबलाचं चित्र. दोघं एकमेकांना बांधलेले असतात. टेबलात काही बदललं की चार्ट बदलतो आणि चार्टवर फिल्टर लावला की टेबलही बदलतं. एक्सेलमध्ये यादीच्या आत कुठेही क्लिक करायचं, इन्सर्ट टॅबमधून पिव्होटचार्ट निवडायचा, की उजवीकडे चार रिकामे चौकोन येतात. आडव्या रेषेवर काय मांडायचं ते अ‍ॅक्सिसमध्ये, रंगांनी काय वेगळं दाखवायचं ते लेजंडमध्ये, खांबाची उंची कशावरून ठरणार ते व्हॅल्यूजमध्ये आणि काय गाळायचं ते फिल्टर्समध्ये. कॉलमची नावं माउसने ओढून या चौकोनांत टाकायची. करायचं ते एवढंच, आणि ते दहा मिनिटांत येतं.

आपल्या यादीतले कॉलम आहेत ‘वर्ग’, ‘लिंग’, ‘वय’ आणि ‘वाचले’. वर्ग अ‍ॅक्सिसमध्ये टाका, वाचले व्हॅल्यूजमध्ये टाका. पहिली ठेच इथेच लागते. ‘वाचले’मध्ये होय आणि नाही असं लिहिलेलं असेल, तर एक्सेल अक्षरांची बेरीज करू शकत नाही, म्हणून ते ओळी मोजतं. चार्टवर येतं ‘काउंट ऑफ वाचले’ आणि खांब उभे राहतात ३२५, २८५, ७०६ आणि ८८५ चे. नाव वाचून वाटतं की इतके लोक वाचले. प्रत्यक्षात ही त्या-त्या वर्गातली एकूण माणसं आहेत, वाचलेली आणि बुडालेली दोन्ही. एक्सेलने रकान्यात काही लिहिलंय का एवढंच पाहिलं आणि ‘नाही’ हेसुद्धा लिहिलेलंच असतं.

यावर सोपा उपाय म्हणजे होयच्या जागी १ आणि नाहीच्या जागी ० लिहायचं. मग बेरीज म्हणजे वाचलेल्यांची संख्या. आता खांब नीट येतात: पहिला वर्ग २०३, दुसरा ११८, तिसरा १७८ आणि जहाजावरचे कर्मचारी २१२.

म्हणजे सगळ्यात जास्त कर्मचारी वाचले?

आकडा खरा आहे, खांबही बरोबर आहे. पण हा चार्ट पाहून ‘कर्मचाऱ्यांनी आधी स्वतःचा जीव वाचवला’ असं कुणी म्हणालं तर तो मोठा अन्याय होईल. कर्मचारी होते ८८५, पहिल्या वर्गाचे प्रवासी होते ३२५. कुणाचे किती वाचले हे किती जणांपैकी वाचले याशिवाय वाचायचंच नाही. तेव्हा व्हॅल्यूजमधल्या ‘वाचले’वर क्लिक करून व्हॅल्यू फील्ड सेटिंग्ज उघडा आणि समच्या जागी अ‍ॅव्हरेज निवडा. एक आणि शून्य यांची सरासरी म्हणजेच वाचण्याचं प्रमाण. त्याला टक्क्यांचं रूप दिलं की चित्र उलटं होतं: पहिला वर्ग ६२.५ टक्के, दुसरा ४१.४, तिसरा २५.२ आणि कर्मचारी २४.०. मघाशी सगळ्यात उंच असलेला खांब आता सगळ्यात बुटका आहे. यादी तीच, कॉलम तेच, बदलला फक्त खालचा छेद.

पिव्होट चार्टबद्दल मला जे सांगायचंय त्याचा गाभा हाच आहे. ओढाओढ कुणीही शिकतं. हा खांब कशाच्या तुलनेत इतका उंच आहे, हे विचारायची सवय लावून घ्यावी लागते.

होय-नाही तसंच ठेवायचं असेल तर दुसरी वाट आहे. ‘वाचले’ लेजंडमध्येही टाका, व्हॅल्यूजमध्येही टाका, आणि ‘शो व्हॅल्यूज अ‍ॅज’मधून टक्के निवडा. तिथे मात्र दोन पर्याय शेजारी-शेजारी असतात, ‘% ऑफ रो टोटल’ आणि ‘% ऑफ कॉलम टोटल’. घाईत कुठलाही टिचकवला तरी टक्केच दिसतात, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. टेबलात वर्ग ओळींत असतील, तर रो टोटल सांगतं की पहिल्या वर्गातल्या शंभर जणांमागे साधारण ६२ वाचले. कॉलम टोटल सांगतं की वाचलेल्या ७११ जणांमध्ये पहिल्या वर्गाचे २८.६ टक्के होते आणि कर्मचारी २९.८ टक्के. दुसऱ्या वाक्यात पुन्हा कर्मचारी पुढे गेले! दोन्ही खरी आहेत, पण प्रश्न वेगळे आहेत. ‘तुमच्या तालुक्यातली किती टक्के मुलं पास झाली’ आणि ‘जिल्ह्यात पास झालेल्यांपैकी किती टक्के तुमच्या तालुक्यातली’ यांत जो फरक आहे तोच इथे. मोठा तालुका दुसऱ्या चार्टमध्ये नेहमीच छान दिसतो.

आता आणखी एक कॉलम आत आणू. ‘लिंग’ लेजंडमध्ये टाका. प्रत्येक वर्गावर आता दोन खांब येतात, स्त्रियांचा आणि पुरुषांचा. नजर आपोआप त्या जोडीतच तुलना करते: पहिल्या वर्गात स्त्रिया ९७.२ टक्के, पुरुष ३४.४; दुसऱ्यात ८७.७ आणि १४.०, तिसऱ्यात ४५.९ आणि १७.३, कर्मचाऱ्यांत ८७.० आणि २२.३. ‘बायका-मुलं आधी’ हा हुकूम त्या रात्री किती पाळला गेला ते एका नजरेत दिसतं.

पण आपल्याला वर्गावर्गांत तुलना करायची असेल, तर ही मांडणी अडचणीची आहे. तिसऱ्या वर्गाच्या स्त्रियांचा खांब आणि कर्मचारी स्त्रियांचा खांब यांच्यामध्ये पुरुषांचा खांब उभा असतो, म्हणून नजर उड्या मारत राहते. डिझाइन टॅबमध्ये ‘स्विच रो/कॉलम’ बटण आहे ते दाबा. आता एकीकडे चारही गटांतले पुरुष एका झुबक्यात, दुसरीकडे चारही गटांतल्या स्त्रिया एका झुबक्यात. ज्यांची तुलना करायची ते खांब चिकटून हवेत. हे बटण दाबून न बघता चार्ट पुढे पाठवू नये असं माझं ठाम मत आहे. दोन सेकंदांचं काम असतं आणि निम्म्या वेळा दुसरी बाजूच जास्त बोलकी निघते.

इथे तर ती फारच बोलकी आहे. मघाचे एकूण टक्के आठवा: तिसरा वर्ग २५.२, कर्मचारी २४.०. तिसरा वर्ग जरासा पुढे. आता झुबके बघा. पुरुषांमध्ये तिसरा वर्ग १७.३, कर्मचारी २२.३. कर्मचारी पुढे. स्त्रियांमध्ये तिसरा वर्ग ४५.९, कर्मचारी ८७.०. इथेही कर्मचारी पुढे, आणि तेही जवळपास दुप्पट. पुरुषांत पुढे, स्त्रियांत पुढे, आणि दोघं एकत्र केले की मागे! पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की सूत्र कुठेतरी बिघडलंय.

सूत्रात काहीच बिघडलेलं नाही. कारण आहे गटांच्या घडणीत. ८८५ कर्मचाऱ्यांत स्त्रिया होत्या फक्त २३. तिसऱ्या वर्गाच्या ७०६ प्रवाशांत त्या होत्या १९६, म्हणजे चौथ्या हिश्शाहून जास्त. त्या रात्री स्त्रियांना होडीत जागा मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त होती. त्यामुळे ज्या गटात स्त्रिया जास्त, त्याचा एकूण टक्का वर ओढला गेला. तिसऱ्या वर्गाला मिळालेली आघाडी ही त्या वर्गाला मिळालेल्या वागणुकीतून आलेली नाही, त्या गटात बायका जास्त होत्या यातून आलेली आहे. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या १९७३ च्या प्रवेशांचं उदाहरण यासाठी प्रसिद्ध आहे. एकूण आकड्यांत पुरुष अर्जदारांपैकी ४४ टक्क्यांना प्रवेश मिळालेला दिसत होता आणि स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांना. विभागवार पाहिल्यावर स्त्रियांवर अन्याय झाल्याचं ते चित्र टिकलं नाही, कारण ज्या विभागांत प्रवेश मिळणं मुळातच अवघड तिथे स्त्रियांचे अर्ज जास्त होते.

पिव्होट चार्टची खरी ताकद मला इथे वाटते. हा उलटा प्रकार शोधायला वेगळं गणित शिकावं लागत नाही, एक कॉलम लेजंडमध्ये टाकून बघावं लागतं. दोन गटांत छोटा फरक दिसला आणि त्यावरून कुणाला शाबासकी किंवा बोलणी द्यायची असतील, तर आधी हे करून बघाच. दोन शाखांच्या वसुलीची तुलना असो की दोन शाळांच्या निकालाची, दोन्हीकडची माणसं एकसारखी आहेत का हे विचारलं नाही तर तुलनेला अर्थ नाही.

चार्ट काय दाखवतो आणि काय दाखवत नाही, हेही याच चित्रात दिसतं. दुसऱ्या वर्गाच्या पुरुषांचा खांब सगळ्यात बुटका आहे, १७९ पैकी २५, तिसऱ्या वर्गाच्या पुरुषांपेक्षाही खाली. का, ते चार्ट सांगत नाही. कर्मचारी पुरुषांचा टक्का थोडा वर का, याचं निदान एक कारण इतिहासात सापडतं: होड्या वल्हवायला माणसं लागत, म्हणून होड्यांत काही कर्मचारी बसवले गेले. होड्या २० होत्या आणि सगळ्या गच्च भरल्या असत्या तरी ११७८ माणसंच मावली असती. शिवाय हुकूम एकच असला तरी अंमल सगळीकडे सारखा नव्हता. डाव्या बाजूला लाइटोलर या अधिकाऱ्याने फक्त बायका-मुलांनाच बसवायचं असा अर्थ घेतला, उजव्या बाजूला मर्डॉक या अधिकाऱ्याने जवळपास बायका नसतील तर पुरुषांनाही बसू दिलं. आपल्या यादीत ‘जहाजाची बाजू’ हा कॉलमच नाही, तेव्हा कितीही ओढाओढ केली तरी तो फरक चार्टवर येणार नाही.

छोट्या गटांचं एक वेगळंच प्रकरण आहे. कर्मचारी स्त्रिया ८७.० टक्के आणि दुसऱ्या वर्गाच्या स्त्रिया ८७.७ टक्के. खांब जवळजवळ एका उंचीचे. पण पहिला आकडा २३ पैकी २० चा आहे, दुसरा १०६ पैकी ९३ चा. तेवीसमधली एक जरी इकडची तिकडे झाली तरी टक्का चारहून जास्त अंकांनी हलतो. खांबाला याची लाज नसते, तो तितक्याच रुबाबात उभा राहतो. म्हणून टक्क्यांच्या चार्टजवळ मूळ संख्या दिसायला हवी. ती आणायला लोक ‘वाचले’ पुन्हा एकदा व्हॅल्यूजमध्ये टाकून काउंट करतात, आणि चार्ट कोलमडतो: एक खांब ८६२ उंचीचा आणि शेजारचा ०.२२ चा, म्हणजे दिसतच नाही. टेबलात जे येतं ते सगळं पिव्होट चार्टवर येतं, त्याला पर्याय नाही. त्यापेक्षा त्याच यादीवरून दुसरं छोटं पिव्होट टेबल करून चार्टखाली ठेवावं. स्लायसर (बटणं दाबून फिल्टर करायची चौकट) लावला असेल तर ‘रिपोर्ट कनेक्शन्स’मधून दोन्ही टेबलं त्याला जोडावीत, म्हणजे दोन्ही एकत्र हलतात.

ग्रँड टोटल मात्र टेबलात असूनही चार्टवर येत नाही. सगळ्या जहाजाचा टक्का ३२.३ आहे, तो वाचणाऱ्याला कळावा असं वाटत असेल तर चार्टच्या मथळ्यात हाताने लिहावा लागतो. आणि हा ३२.३ तुम्हाला मिळतो तो मूळ ओळी हाताशी असतात म्हणून. कुणीतरी आधीच वर्गवार टक्के काढून चार ओळींची फाइल पाठवली आणि तुम्ही तिच्यावर पिव्होट केलं, तर एक्सेल त्या चार टक्क्यांची सरासरी काढून ३८.३ सांगेल. दुसऱ्या वर्गाच्या २८५ माणसांना आणि ८८५ कर्मचाऱ्यांना त्यात सारखंच वजन मिळतं. ऑफिसांत फिरणाऱ्या अहवालांत ही चूक सर्रास असते. टक्के मागवू नका, मूळ आकडे मागवा. निदान ‘एकूण’ आणि ‘वाचले’ असे दोन कॉलम मिळाले तरी पिव्होटमध्ये कॅल्क्युलेटेड फील्ड बनवता येतं. ते आधी दोन्ही बेरजा करतं आणि मग भागाकार करतं, त्यामुळे उत्तर बरोबर ३२.३ येतं.

यादीवर किती विश्वास टाकायचा हा प्रश्न वेगळा. वय कॉलमवरून मुलांचा चार्ट काढला तर दुसऱ्या वर्गाची २४ पैकी २४ मुलं वाचलेली दिसतात, तिसऱ्याची ७९ पैकी २७. पहिल्या वर्गाची ६ पैकी ६. पण पहिल्या वर्गातली लोरेन अ‍ॅलिसन ही लहान मुलगी वाचली नव्हती, हे टायटॅनिकचा इतिहास वाचलेल्या कुणालाही माहीत असतं. चौकशीच्या तक्त्यात ती मुलांमध्ये मोजलेली दिसत नाही. शंभर टक्क्यांचा खांब दिसला की मी आधी मूळ यादी उघडतो ती यामुळेच.

आता थोडं किरकोळ, पण रोज छळणारं. वर्गांची नावं मराठीत लिहिली तर एक्सेल ती वर्णानुक्रमे लावतं: कर्मचारी, तिसरा, दुसरा, पहिला. बरोबर उलटा क्रम! टेबलात नावाच्या चौकटीची कड पकडून ती वर-खाली ओढता येते, चार्ट त्याप्रमाणे बदलतो. ज्या गटांना असा स्वाभाविक क्रम नसतो, उदाहरणार्थ गावं किंवा वस्तू, त्यांना आकड्यांच्या उतरत्या क्रमाने लावावं. ‘पुणे’, ‘पूणे’ आणि ‘पुणे शहर’ असं तिघांनी तीन प्रकारे भरलं असेल तर तीन खांब येणार, आणि पुण्याचा खरा खांब कुठेच नसणार. आकड्यांच्या कॉलममध्ये कुणी शून्याऐवजी ‘निरंक’ लिहिलं असेल, तर तो कॉलम व्हॅल्यूजमध्ये टाकताना एक्सेल बेरजेऐवजी मोजणी निवडतं; सगळे खांब अपेक्षेपेक्षा बुटके आले तर ‘काउंट ऑफ’ लिहिलंय का ते आधी बघा.

मूळ यादीत बदल केला तर चार्ट आपणहून बदलतो असं समजू नका, रिफ्रेश करावं लागतं. ऑल्ट-एफ५ दाबलं की होतं. खाली नव्या ओळी घालणार असाल तर यादीला आधीच कंट्रोल-टी करून टेबल बनवून ठेवा, नाहीतर रिफ्रेश करूनही त्या ओळी चार्टवर येणार नाहीत. तारखा टाकल्या की एक्सेल महिने आणि तिमाह्या पाडून देतं, पण त्याची पहिली तिमाही जानेवारी ते मार्च. आपल्याकडे हिशेब एप्रिलपासून. आर्थिक वर्षाप्रमाणे गट हवे असतील तर यादीत एक जादा कॉलम घालावा, ज्यात तारीख तीन महिने मागे नेऊन तिचं वर्ष घेतलेलं असेल (ईडेट आणि इयर ही दोन फंक्शन पुरतात), आणि गट त्या कॉलमवर पाडावेत.

खांबांची रेष शून्यापासून सुरू होते ना, हे बघून घ्यावं. आकडे एकमेकांच्या जवळ असले की एक्सेल स्वतःच्या मनाने रेष मधूनच सुरू करतं आणि ९० आणि ९३ मधला फरक दुपटीचा वाटायला लागतो. फिल्टर लावलेला असेल तर मथळ्यात तसं लिहा. ‘फक्त प्रौढ’ असा फिल्टर लावून चार्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर गेला की फिल्टर कुणालाच दिसत नाही, उरतात फक्त टक्के.

गूगल शीट्समध्ये पिव्होट चार्ट नावाची वेगळी वस्तू नाही. तिथे पिव्होट टेबल बनवायचं आणि त्याच्यावर साधा चार्ट काढायचा. टेबल मोठं झालं की चार्टची रेंज पुरतेय का ते पाहायचं. लिब्रेऑफिस या फुकट मिळणाऱ्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये मात्र २०१७ च्या ५.४ आवृत्तीपासून पिव्होट चार्ट आहे. टायटॅनिकची यादी तिथेही उघडते.